नाही म्हणायचा तास

त्या वर्षी बटाटे काढायला उशीरच झाला होता. डोंगराच्या पायथ्याची ती पट्टी, वरच्या अंगाला दगडी बांध, खालच्या अंगाला रस्ता, आणि मधली काळी माती आदल्या आठवड्यातल्या पावसानं अजून चिकट. मावशी आणि तिची लेक उजाडल्यापासून सरीत वाकल्या होत्या. मावशी कुदळीनं खणायची, लेक मागून बटाटे वेचून पोत्यात टाकायची. बोलणं काही नव्हतं. दोघींच्यात आताशा बोलणं कमीच असायचं. शेळ्या बांधल्या का, मीठ संपलं का, एवढ्यावर दिवस निघायचा.

सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. आणि चौदा महिन्यांपूर्वी मुलगा गेला, वरच्या कड्यावरून पडून. वाटाड्या होता तो. बाहेरगावचे पाहुणे डोंगर बघायला यायचे, त्यांना वर न्यायचं, चार गोष्टी सांगायच्या आणि सुखरूप खाली आणायचं, हे त्याचं काम. गेला तेव्हा सव्वीस पुरी व्हायला दोन महिने होते. मावशी त्या दिवशी रडली नाही, नंतरही रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, एकदा मोकळी हो गं, मनात ठेवू नकोस. तिनं मान हलवली आणि उठून शेळ्यांचं पाणी बदललं. काम तिचं एक दिवस अडलं नाही. बराच वेळ अवघडून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, पाय जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. ती चालायची, जेवायची, भांडी घासायची, आणि हे सगळं कोण करतंय याचा तिला फारसा पत्ता नसायचा.

तर त्या दिवशी रस्त्यावर एक गाडी थांबली. पस्तिशीची एक बाई उतरली, खांद्याला कागदाची लांब नळी, पायात शहरी बूट. बांध ओलांडून ती सरळ शेतात आली. दोन सऱ्या पार करेपर्यंत बुटांना किलोकिलोभर माती लागली होती, तरी ती आली.

"मावशी तुम्हीच ना?" ती म्हणाली, आणि पुढचं बोलायचं सोडून खाली बघत राहिली. "अहो, तुमच्या पायाला लागलंय."

मावशीनं खाली बघितलं. डाव्या अंगठ्याशी कुदळीची धार बसली होती आणि माती लाल झाली होती. कधी बसली कोण जाणे. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, पायाला गुंडाळलं आणि गाठ मारली.

"बोला," ती म्हणाली.

बाई अजून त्या फडक्याकडंच बघत होती. मग तिनं सांगितलं. गावात कॉलेज होणार होतं, पर्यटनाचं काम शिकवणारं. इथल्याच आणि आसपासच्या गावच्या मुलामुलींसाठी. पाहुण्यांचा स्वयंपाक, खोल्यांची व्यवस्था, वाट दाखवणं, सगळं शिकवायचं, म्हणजे पोरांना गाव सोडून जायला लागू नये. त्या कॉलेजचा आराखडा करायचं काम हिच्याकडे होतं. इमारत कुठं उभी राहील, खोल्या किती, आणि शिकवायचं काय, हे गावाला विचारूनच ठरवायचं होतं.

"पुढारी म्हणाले, हा डोंगर तुमच्याइतका कोणालाच माहीत नाही."

"पुढारी म्हणाले?"

"हो."

"मग इमारत कुठं बांधायची म्हणतायत ते?"

"कड्यावर. अगदी काठाशी. समोर सगळी काचेची भिंत, म्हणजे वर्गात बसल्या बसल्या खालचं खोरं दिसेल. वरून मंजुरी देणाऱ्यांना तेच चित्र आवडलंय."

मावशीनं कुदळ उचलली. पुढचा वाफा खणायला घेतला. तेवढ्यात मागून लेक उठली. एकोणीस वर्षांची पोरगी, कोपरापर्यंत मातीनं भरलेली.

"कॉलेजात मुलींना घेणार का?" तिनं विचारलं. "वाट दाखवायचं शिकवतात, त्याला?"

"घेणार की. निम्म्या जागा मुलींनाच."

"बटाटे वेच," मावशी म्हणाली.

*

चार दिवसांनी शाळेत बैठक झाली. मोठी माणसं लहान पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. भिंतीला कागद लावले होते आणि त्या कागदांवर चौकोनच चौकोन. गावानं तोवर त्या बाईचं नाव नकाशेवाली ठेवूनही टाकलं होतं. नकाशेवाली एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत होती. हे स्वयंपाकघर, इथं एका वेळी वीस मुलं शिकतील. ही वाटाड्यांची खोली, दोर, काठ्या, औषधांच्या पेट्या ठेवायला. आणि या चार सरावाच्या खोल्या, यात मुलं गाद्या घालायला, चादरी बदलायला शिकतील.

"गाद्या घालायला कॉलेज?" न्हावी म्हणाला. "आमच्या घरी बायको मला गेली वीस वर्षं शिकवतेय, फुकटात."

"अजून पास झाला नाहीत पण," त्याची बायको मागून म्हणाली, आणि सगळी शाळा हसली.

पुढारी पहिल्या बाकावर होता. त्याच्याबद्दल सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. गावात रस्ता आला तो त्याच्या खटपटीनं, नळ आले ते त्याच्या खटपटीनं. गावातलं एकमेव मोठं विश्रामधाम त्याचं. मावशीचा मुलगा त्याच्याच विश्रामधामातल्या पाहुण्यांना डोंगरावर न्यायचा. मुलगा गेल्यावर पुढाऱ्यानं अख्खा हिवाळा मावशीकडं धान्य पोचवलं. मावशीला वहिनी म्हणणारा गावात तो एकटाच, तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त म्हणून. पण मुलगा गेला त्या दिवसापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"आता शिकवायचं काय ते सांगा," नकाशेवाली म्हणाली, आणि मास्तरांनी खडू हातात घेतला.

लोक सांगत गेले. स्वच्छता. परकी भाषा. जखम बांधणं. हसून बोलणं. पाववाला म्हणाला, भट्टी लावणं. मास्तर फळ्यावर लिहीत गेले. शेवटी पुढारी उठला, आणि वरच्या अंगाला थोडी जागा राहिली होती तिकडं बोट दाखवून म्हणाला, "सगळ्यात वर लिहा मास्तर. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. धंद्याचं मूळ ते आहे. बाकी सगळं नंतर."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर त्यांचं वळणदार होतं.

"ते पुसा," मागून आवाज आला.

माना मागं वळल्या. मावशी दाराजवळच्या बाकावरून उठून उभी राहिली होती. ती बैठकीला आली आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"काय म्हणता मावशी?" मास्तरांनी विचारलं.

"ते वरचं. पुसा." आवाज चढला नव्हता की कापलाही नव्हता. दुकानात जाऊन काडेपेटी मागावी तसं ती बोलत होती. "माझ्या पोराला हेच शिकवलं होतं. त्याचं शिक्षण पुरं झालेलं होतं."

पुढारी खाली बसला. मास्तरांनी पुसणं हातात घेतलं, पण हात वर जाईना.

"मग तिथं काय लिहायचं?" शेवटी नकाशेवालीनं विचारलं.

"नाही म्हणायला शिकवा. त्याचा एक तास ठेवा."

"नाही म्हणायला काय शिकायचं असतं, मावशी?" न्हावी म्हणाला, वाईट हेतूनं नव्हे, बोलायची सवय म्हणून. "ते तर रांगत्या पोरालाही येतं."

"माझ्या पोराला आलं नाही," मावशी म्हणाली, आणि खाली बसली.

एवढं बोलल्यावर काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. छातीत भरून येईल, पाय लटपटतील. काही झालं नाही. बाक फार बुटका आहे आणि गुडघा दुखतोय, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

*

दुसऱ्या दिवशी नकाशेवाली घरी आली. म्हणाली, मला कडा दाखवा. मावशीनं विळा आणि दोरी घेतली, नाहीतरी गवत आणायचंच होतं, आणि तिला घेऊन निघाली. नकाशेवालीला वाटलं होतं, आपण वर जाणार. मावशी तिला खालच्या शेळवाटेनं घेऊन गेली, झुडपांतून, घसरड्या मुरमावरून, थेट कड्याच्या पोटाखाली. तिथं एक ओलसर कोनाडा होता, वरून थेंब थेंब पाणी गळायचं.

"आता वर बघा," ती म्हणाली.

नकाशेवालीनं वर बघितलं आणि बघतच राहिली. कड्याचा काठ वरून अंगणासारखा सपाट दिसायचा. खालून बघितलं तर तो घराच्या वळचणीसारखा नुसता पुढं आलेला होता. खाली आधार काही नाही. गवताची मुळं हवेत लोंबत होती, केसांच्या जटांसारखी, आणि वारा आला की हलत होती. दगडात वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. एके ठिकाणी काठाचा लचका तुटून गेलेला, तिथला दगड अजून ताजा पिवळा दिसत होता.

"हे सगळं पोकळ आहे," नकाशेवाली हळू म्हणाली. तिनं हातातला कागद घडी करून खिशात घातला. "इथं मी तीस मुलांचा वर्ग काढलाय."

"वरून कळत नाही."

"तो पिवळा भाग..."

"हो. तिथून," मावशी म्हणाली. कुणाला पाणवठ्याची वाट सांगावी तसं. "त्या झुडपाच्या अलीकडं सापडला."

नकाशेवाली एका दगडावर बसली. मावशी तोवर गवत कापायला लागली होती.

"त्याला माहीत नव्हतं का हे?"

"माहीत होतं. मीच दाखवलं होतं. सात वर्षांचा होता. तुम्ही बसलाय ना, तिथंच उभा केला होता."

"मग तो का गेला काठावर?"

"पाहुणे म्हणाले म्हणून." मावशीनं कापलेल्या गवताची पेंढी बांधली, गुडघ्यानं दाबली, गाठ ओढली. "धुकं होतं. तो म्हणाला, थांबा, आधी मी बघून येतो."

नकाशेवालीनं त्या पेंढीकडं बघितलं.

"मावशी, तुम्ही इथं गवताला येता?"

"दर आठवड्याला. गवत चांगलं आहे इथलं."

"आणि काही वाटत नाही?"

"वाटायला पाहिजे," मावशी म्हणाली. "मी वाट बघते. येत नाही काही." तिनं पेंढी डोक्यावर घेतली. "चला. उन्हं वर आली की मुरूम घसरतो."

*

कड्यावर काही होणार नाही हे नकाशेवालीनं पुढाऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. तो वैतागला. हुज्जत घालून झाली, दुसरा कोणी इंजिनिअर आणतो म्हणून झालं. शेवटी नकाशेवाली त्यालाच शेळवाटेनं खाली घेऊन गेली. परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोन दिवस तो विश्रामधामाच्या बाहेर पडला नाही.

आता जागा शोधायची तर गावात सपाट, घट्ट आणि रस्त्यालगतची म्हणावी अशी एकच होती. मावशीची बटाट्याची पट्टी. हे सगळ्यांच्या आधी मावशीला कळलं होतं. म्हणून नकाशेवाली आणि पुढारी एका सकाळी तिच्या दारात आले, आणि नकाशेवाली बोटातली अंगठी फिरवत, कसं सांगावं या विचारात पडली, तेव्हा मावशीनं दोघांपुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "पट्टी पाहिजे ना?"

"म्हणजे, मावशी, तुमची मर्जी असेल तरच."

"देते. ओढ्याकाठचं रान मला द्या."

पुढाऱ्याचा कप ओठाशीच राहिला. ओढ्याकाठचं रान त्याचं होतं. बारमाही ओलाव्याचं, दगड म्हणून नाही, मूठभर पेरलं तरी भरभरून यायचं.

"वहिनी, ते माझं सगळ्यात चांगलं रान आहे."

"माहीत आहे."

"तुमच्या पट्टीच्या दीडपट भरेल ते."

"भरेल."

पुढारी नकाशेवालीकडं बघायला लागला. ती खिडकीबाहेर शेळ्या बघत होती. मग त्यानं सूर बदलला. म्हणाला, माझ्या मनात एक होतं. कॉलेजला पोराचं नाव देऊ. फाटकावर, मोठ्या अक्षरांत. आत त्याचा फोटो लावू. गाव त्याला कधी विसरणार नाही.

"नको," मावशी म्हणाली.

"का हो? मान आहे तो."

"पोरं रोज त्याच्या नावाखाली पाय पुसून आत जातील. नको. नाव काहीही द्या. रान द्या, आणि मी म्हणले तो तास ठेवा. लिहून द्या दोन्ही."

पुढारी बराच वेळ कपातल्या चहाकडं बघत राहिला. चहावर साय धरली होती.

"मी त्याला हसून बोल म्हणलं होतं, वहिनी," तो म्हणाला. आवाज एवढा खाली गेला होता की नकाशेवालीनं मान वळवली. "लोकांचं मन मोडू नको म्हणलं होतं. कड्यावर ने असं नव्हतं म्हणलं मी."

"माहीत आहे," मावशी म्हणाली.

एवढं बोलून ती त्याचा कप उचलून आत गेली. त्यातला चहा तिनं परत गरम केला आणि आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो पिऊन टाकला. आठवड्यात कागद झाले. पुढाऱ्याच्या बायकोनं महिनाभर मावशीशी बोलणं टाकलं, आणि गावाला तेवढाच विषय पुरला.

*

इमारत उभी राहायला दीड वर्ष गेलं. पट्टीत पाया खणला तेव्हा मागं राहिलेले बटाटे निघाले, कोंब फुटलेले. गवंड्यांनी भाजून खाल्ले. इमारत बसकी झाली, दगडाची, वर पत्रे, मधे मोकळं अंगण. कड्यावरची काच काही त्यात आली नाही. पण डोंगर सगळ्या खिडक्यांतून दिसायचा, खालून वर, जसा गावाला आयुष्यभर दिसत आला होता. मावशी ओढ्याकाठच्या रानात राबायची. येता-जाता भिंती किती वर आल्या ते बघायची आणि पुढं चालू लागायची.

प्रवेश सुरू झाले त्या संध्याकाळी लेकीनं कागद आईसमोर धरला.

"सही कर."

"कशाची?"

"मी वाटाड्याचं शिकणार."

"भट्टीचं शीक. पाववाला म्हातारा झालाय."

"वाटाड्याचं."

मावशीच्या तोंडात शब्द आला होता. दोनच अक्षरांचा. पोरगी समोर उभी, डोळे खाली न घालता. तिच्या भावासारखीच उभी राहायची, एका पायावर भार देऊन. मावशीनं कागद घेतला, वाकडीतिकडी सही केली आणि दिवा पुसायला घेतला. पुढं न्हावी गावभर सांगत फिरला, की नाही म्हणायचा तास मागणाऱ्या बाईला घरातच नाही म्हणता आलं नाही. मावशीच्या कानावर ते आलं. तिला राग आला नाही. खरंच होतं ते.

कॉलेज सुरू झालं. भट्टीचा तास झाला, चादरींचा झाला, दोराच्या गाठींचा झाला. नाही म्हणायचा तास आला आणि अडला. शिकवायला बाहेरून एक तरुण मास्तरीण आली होती. तिनं पुस्तकातून शिकवून बघितलं. पाहुण्याशी नम्र पण ठाम कसं बोलावं, पान अमुक. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि एकमेकांना कोपर मारून हसायची. मास्तरीण नकाशेवालीकडं गेली. नकाशेवाली ओढ्याकाठच्या रानात आली.

"तासाला पाहुणा पाहिजे, मावशी," ती म्हणाली. "हट्टी पाहुणा. तुम्ही बसाल का?"

मावशीनं विचार करते म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती ओझेवाल्या काकांकडं गेली. साठीचा माणूस, पाहुण्यांचं सामान पाठीवरून डोंगरावर नेणारा. पोरगा गेला त्या दिवशी धुक्यात तोही वर होता, दहा पावलांवर. तिनं त्याला आजवर काही विचारलं नव्हतं.

"पाहुणे त्याला काय काय म्हणाले, ते मला सांगा," ती म्हणाली. "शब्दाला शब्द."

काका नको म्हणाले. मग दाराच्या उंबऱ्यावर बसून, जमिनीकडं बघत, त्यांनी सांगितलं. एकदा सांगितलं, मावशीनं परत सांगायला लावलं, परत सांगितलं. ती ओठ हलवत पाठ करत होती.

*

वर्गात पंचवीस पोरं. पुढं एक खुर्ची ठेवली होती. मावशी रानातून तशीच आली, पायाला माती. बसली. हात मांडीवर.

"मी पाहुणी," ती म्हणाली. "वर धुकं आहे. मला काठावर जायचंय. तुम्ही वाटाडे. न्या मला."

आधी जरा हशा झाला. पहिला उठला तो पाववाल्याचा नातू, चांगला उंचापुरा गडी.

"आज धुकं आहे, मावशी, नाही जाता येणार."

"मी मावशी नाही. आम्ही दोन दिवस प्रवास करून आलोय. परत कधी येणं होणार आमचं?"

"ते खरं आहे, पण..."

"पाचच मिनिटं. बघायचं आणि परत यायचं."

"पाच मिनिटं म्हणजे... बरं, पण लांबूनच हं," पोरगा म्हणाला.

"मेलास," मावशी म्हणाली. "पुढचा."

हशा थांबला. दुसरी पोरगी उठली, ती तिसऱ्या वाक्याला पडली. पुढचा अर्ध्या वाटेपर्यंत नेतो म्हणाला. एकानं नुसतीच मान खाली घातली. मावशी प्रत्येकाला तेच म्हणायची, त्याच आवाजात, शब्द पुढंमागं न करता. एवढं कसलं धुकं, पलीकडचं झाड दिसतंय की. तुमचे मालक म्हणाले होते, म्हणाल ते दाखवू. मी त्यांच्याकडं तुमची तक्रार करीन. तू भित्रा आहेस का? बारा जण झाले, बारा जण गेले. मास्तरीण भिंतीला टेकून उभी होती, तिनं हातातलं पुस्तक कधीच मिटलं होतं.

तेराव्या नंबराला लेक उठली. एका पायावर भार देऊन उभी राहिली.

"आज वर जाता येणार नाही, बाई," ती म्हणाली.

"आम्ही दोन दिवस प्रवास करून आलोय. परत कधी येणं होणार आमचं?"

"कधी येणं होईल ते मला माहीत नाही. आज नाही."

"पाचच मिनिटं."

"पाच मिनिटंही नाही."

"एवढं कसलं धुकं, पलीकडचं झाड दिसतंय की."

"झाड दिसतं. पायाखालचं दिसत नाही."

"तुमचे मालक म्हणाले होते, म्हणाल ते दाखवू."

"ते त्यांना विचारा. इथं मी आहे."

"मी तुझी तक्रार करीन."

"करा. नाव लिहून देते माझं."

"तू भित्री आहेस का?"

"हो," लेक म्हणाली.

पुढचं वाक्य मावशीनं आधीच्या बारा जणांपैकी कोणाला म्हणलं नव्हतं, त्या वाक्यापर्यंत कोणी टिकलंच नव्हतं. तिनं खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"माझी आई घरी अंथरुणाला खिळलीय," ती म्हणाली. "तिला आता चालवत नाही. एक फोटो न्यायचाय तिच्यासाठी. ती वाट बघतेय. तुलाही आई असेल."

लेकीचा चेहरा उतरला. तिला कळलं, हे कुणाचं बोलणं आहे आणि ते कुठं बोललं गेलं. इतका वेळ ती खेळ समजत नव्हतीच, पण एवढंही धरून चालली नव्हती. तिनं पाय बदलला. मास्तरीण पुढं व्हायला लागली, तर मावशीनं तिच्याकडं न बघता हातानं तिला थांबवलं.

"आहे मला आई," लेक म्हणाली. "तुमच्या आईला सांगा, धुकं होतं."

"ती नाराज होईल."

"होऊ दे. फोटो नाही मिळाला म्हणून ती चार दिवस नाराज राहील. तुम्ही घरी पोचलात, एवढं तिला पुरे."

मावशीनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य तिच्याकडं नव्हतं. काकांनी सांगितलेलं तिथंच संपत होतं. त्याच्यापुढं तिचा मुलगा, थांबा, आधी मी बघून येतो, म्हणाला होता आणि चालायला लागला होता. ती तशीच तोंड उघडं ठेवून बसली. पंचवीस पोरं तिच्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडातून फक्त श्वास येत होता, मोठा, खरखरीत, ओझं चढवून आल्यासारखा.

लेक खुर्चीपाशी आली आणि तिनं हात पुढं केला.

"चला बाई," ती म्हणाली. "खाली जाऊ."

मावशीनं हात धरला आणि उठली. लेक पुढं आणि ती मागं, अशा त्या बाकांच्या मधून चालत वर्गाबाहेर पडल्या, अंगण ओलांडून पायऱ्यांपाशी आल्या. लेक एकेक पायरी आधी पायानं चाचपत होती, मग मागं बघून मावशीला उतरवत होती, अगदी शिकवलं होतं तसं. रस्त्याला लागेपर्यंत तिनं हात सोडला नाही.